बालकासह रोमदर्शन

आक्षेपक : दुर्गापूजेच्या सुट्टीत चार वर्षांच्या लेकीला घेऊन तुम्ही रोमला जायचे ठरवले आहे, तेव्हा शेजारधर्माचा संकोच बाजूला ठेवून मी एवढेच विचारतो, की हा प्रवास नेमका कोणाचा? तुमचा असेल तर माझे काही म्हणणे नाही. ज्याला रोम पाहण्याची आस आहे त्याने ते अवश्य पाहावे. परंतु रजेचा अर्ज देताना, नातलगांना कळवताना तुम्ही प्रत्येक वेळी ‘मुलीला युरोप दाखवायचा आहे’ असेच सांगत आला आहात, आणि माझी हरकत आहे ती या वाक्याला. इतक्या कोवळ्या वयातली स्मृती पुढे फारशी टिकत नाही. बहुतेक प्रौढांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या अलीकडचीच असते आणि त्यानंतरच्या एकदोन वर्षांतलेही काही तुटक तुकडेच हाती उरतात. जे तिच्यापाशी राहण्याचा भरवसा नाही ते दाखवण्यासाठी दुबई किंवा दोहामार्गे लांबलचक विमानप्रवास, परकी हवा, परके जेवण, अवेळी झोप आणि कोलोसियमच्या दारापुढली रांग, एवढे सारे तिच्या अंगावर घालायचे आणि खर्च मात्र तिच्याच खात्यावर मांडायचा, हा कुठला न्याय? शिवाय ज्या कोलोसियमसाठी हा खटाटोप, त्याची प्रतिकृती आपल्या कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या इको पार्कमध्ये इतर सहा आश्चर्यांच्या पंगतीत उभी आहेच. मुलगी तिथे मनसोक्त धावते, दमली की घरी येऊन झोपते. तिच्या वयाला जेवढे कोलोसियम लागते तेवढे तिला मिळालेले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

समर्थक : स्मृती हेच अनुभवाचे एकमेव माप मानले, तर बालसंगोपनातले बहुतेक सगळेच व्यर्थ ठरेल. पाळण्यात असताना आईने म्हटलेली अंगाई पुढे कोणालाच आठवत नाही, म्हणून ती म्हटली नसती तरी चालले असते, असे आपणही म्हणणार नाही. जे आठवत नाही तेही माणसाला घडवते. आपल्यासारखी न दिसणारी, आपली भाषा न बोलणारी माणसेसुद्धा भुकेच्या वेळी पाव देतात, पडलेल्या मुलाला हात धरून उठवतात, हे ज्याने लहानपणी अंगावर घेतले त्याला पुढे परक्यांचे भय कमी वाटते, अशी माझी श्रद्धा आहे. आणि बालकाला घेऊन युरोपला जाणे हे काही आजच्या सुखवस्तू वर्गाचे नवे खूळ नव्हे. ज्या कलकत्त्याने १८७८ साली रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, त्याच बंगालमधल्या एका वकिलाशी त्यांनी विवाह केला, दोनच वर्षांत वैधव्य पदरी आले, आणि १८८३ साली दोन वर्षांच्या लेकीला, मनोरमेला, घेऊन ती बाई बोटीने इंग्लंडला गेली. तिला कोणी विचारले असते, की या पोरीला यातले काय आठवणार, तर तिने काय उत्तर दिले असते?

इको पार्कविषयी माझ्या मनात अनादर नाही. २०१२ साली ते खुले झाले तेव्हापासून या नव्या वसाहतीला श्वास घ्यायला जागा मिळाली, आणि त्या विस्तीर्ण तलावाकाठी माझी मुलगी चालायला शिकली. परंतु त्या प्रतिकृती बालकाला एक चुकीची गोष्ट शिकवतात, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. पिरॅमिडपासून पेट्रापर्यंत चालत जाता येते, चीनची भिंत ओलांडली की ईस्टर बेटावरचे दगडी चेहरे समोर येतात. म्हणजे जग एका दुपारीत संपते, त्यात कुठे पोहोचायला कष्ट पडत नाहीत आणि कोणत्याही वास्तूभोवती तिची माणसे राहत नाहीत. माझ्या मुलीने दूर या गोष्टीचा अर्थ पायांनी शिकावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

आक्षेपक : रमाबाईंचा हवाला तुम्ही दिलात हे बरे झाले, कारण तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. त्या स्थलदर्शनाला गेल्या नव्हत्या; विद्येसाठी गेल्या होत्या, आणि मुलीला मागे ठेवता येत नव्हते म्हणून तिला बरोबर नेले होते. मनोरमा इंग्लंडमधल्या वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहिली, तिथे तिला ठरल्या वेळी जेवण, ठरल्या वेळी झोप आणि रोज तेच चेहरे मिळाले. मूल परदेशी नांदू शकते, याविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती गर्दीने भरलेल्या शहराच्या धावत्या दर्शनाविषयी, आणि तीही केवळ धक्काबुक्कीमुळे नव्हे. गर्दीने युरोपातल्या शहरांत एक निराळाच पालट घडवून आणला आहे, तो ध्यानात घ्या. पूर्वी माणूस वास्तूपुढे जाऊन उभा राही. आता तिथे मुदत घेऊन जावे लागते. कोलोसियमचे तिकीट विशिष्ट दिवसाचे, विशिष्ट वेळेचे आणि २०२३ पासून विशिष्ट नावाचे असते. पॅरिसच्या लूव्रमध्ये शिरायचे म्हटले तरी बहुधा अर्ध्या तासाचा रकाना आधी राखून ठेवावा लागतो. शहर पाहणे हे आता कचेरीतल्या तारखेसारखे झाले आहे; हजर राहिलात तर आपले, चुकलात तर रद्द. आणि मुलाचा दिवस हा जगातला असा एकमेव दिवस आहे, की ज्यात कोणतीही तारीख पाळली जात नाही. सकाळी साडेदहाला कोलोसियमच्या दारी उभे राहायचे आणि त्याच साडेदहाला तिला भूक लागली, शू लागली, किंवा फुटपाथवरच्या मुंग्यांपुढे फतकल मारून बसावेसे वाटले, तर तुम्ही काय कराल? तिला उचलाल. रडत असेल तरी उचलाल, कारण पैसे भरलेले आहेत. आणि आत गेल्यावर तिला दिसणार काय? लूव्रमधले मोनालिसाचे चित्रच घ्या, ते उण्यापुऱ्या ७७ सेंटिमीटर उंचीचे; त्याच्यापुढे जमलेल्या जमावात उभ्या असलेल्या मुलाच्या डोळ्यांपुढे माणसांचे कमरपट्टे आणि पाठीवरच्या पिशव्या एवढेच चित्र असते.

समर्थक : गर्दीचे भय आपण एका कोलकातावासी मुलीला दाखवता आहात, याचे नवल वाटते. २०२२ साली श्रीभूमीच्या पूजामंडपात व्हॅटिकनचे सेंट पीटर्स उभे राहिले होते, तेव्हा ही तान्ही मुलगी माझ्या छातीशी बांधलेली होती आणि व्हीआयपी रोडवर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. त्यानंतर दरवर्षी सप्तमीच्या रात्री ती माझ्या खांद्यावर बसून मंडप पाहते, ढाक या ढोलाच्या तालावर माझ्या डोक्यावर थाप मारते, आणि तिथेच झोपी जाते. गर्दी म्हणजे संकट हे तिला ठाऊकच नाही. हरवू नये म्हणून फ्रॉकला नाव-पत्त्याची चिठ्ठी टाचायची, उजव्या हाताचे बोट सोडायचे नाही, हे सगळे शिक्षण तिचे घरचेच आहे. रोमच्या रांगेला ती बिचकेल, असे मला वाटत नाही.

आक्षेपक : पूजेची गर्दी आणि रोमची गर्दी यांत फार मोठा फरक आहे, आणि तो तुमच्या नजरेतून सुटावा याचे मला वाईट वाटते. पूजेची गर्दी ही त्या गावाची स्वतःची गर्दी असते. ती पाचसहा रात्री उसळते आणि विसर्जनानंतर ओसरते. खांद्यावरच्या मुलासाठी माणसे आपण होऊन वाट देतात, कारण उद्या त्यांचेही मूल कोणाच्या तरी खांद्यावर असते. युरोपातल्या या शहरांत बारा महिने जी लोटते ती बाहेरच्यांची गर्दी असते, आणि ती इतकी साचत जाते, की घरमालकाला भाडेकरूपेक्षा प्रवासी परवडू लागतो आणि मूळचे रहिवासी घरे सोडून जातात. व्हेनिसच्या बेटावरच्या जुन्या शहरात आता पन्नास हजारही माणसे राहत नाहीत. तिथल्या नगरपालिकेने २५ एप्रिल २०२४ पासून, ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांवर ५ युरोंचा प्रवेशकर बसवला. बार्सिलोनाचे नागरिक त्याच उन्हाळ्यात रस्त्यावर उतरले आणि उपाहारगृहांबाहेर बसलेल्या पाहुण्यांवर त्यांनी पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या. बंगालमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला तरी हे समजायला हवे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ साली या प्रांतावर चालून आल्या, तेव्हा कलकत्त्याने स्वतःभोवती खंदक खणायला घेतला, आणि मुलांना निजवताना ज्या बर्गींचे भय घालतात ते आपलेच पूर्वज होत. प्रवासी हा काही लुटारू नव्हे, हे मी जाणतो. पण आपल्या येण्याने यजमानाचे काय होते हे पाहुण्याला कधीच पूर्ण दिसत नाही, एवढे त्या इतिहासावरून शिकायला हरकत नाही. ज्या गर्दीत भर घालण्याचे कारण तुमच्या मुलीपाशी नाही, त्या गर्दीत तिची भर कशासाठी?

समर्थक : या आक्षेपाचे वजन मी मानतो. त्यातून सुटण्याची वाट ज्याची त्याला शोधावी लागते. आम्ही व्हेनिस वगळले आहे आणि एकाच शहरात आठवडाभर एकाच बिऱ्हाडी राहणार आहोत. पण एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. त्याच व्हेनिसच्या करातून चौदा वर्षांखालील मुले वगळलेली आहेत. शेंगेनच्या व्हिसासाठी प्रौढाला ९० युरो पडतात, सहा वर्षांखालच्या मुलाला काहीच पडत नाही आणि बोटांचे ठसेही द्यावे लागत नाहीत. कोलोसियम, पँथिऑन, लूव्र, सर्वत्र अठरा वर्षांखाली मुक्तद्वार आहे. ज्या राज्यकर्त्यांना गर्दीचा जाच होतो, त्यांनीच बालकांना ही मुभा दिली, म्हणजे बालकाच्या येण्यात त्यांना काही मोल दिसले असले पाहिजे.

आक्षेपक : किंवा बालक पाहायला येत नाही, कोणीतरी त्याला आणते, हे त्यांनी ओळखले असेल. जो पाहत नाही त्याच्याकडून दाम घेऊ नये, हा साधा व्यवहार झाला.

समर्थक : पाहत नाही असे नव्हे, ते निराळे पाहते. आता माझा मुद्दा मला नीट मांडू द्या, कारण आतापर्यंत मी बचावच करीत आलो आहे. आपण ज्या मुदतबंद शहराचे वर्णन केले ते प्रौढाच्या उंचीवरचे शहर आहे. मीटरभर उंचीच्या माणसाचे रोम दुसरेच आहे, आणि तिथे रांग नाही. रोमच्या रस्त्यांवर ओतीव लोखंडाचे, बुटके, नाकासारख्या वाकड्या तोटीचे पाण्याचे खांब आहेत; १८७४ पासून नगरपालिकेने ते बसवत आणले आणि आज त्यांची संख्या दोन हजारांच्या वर आहे. त्यातून पिण्याचे पाणी रात्रंदिवस वाहते. तोटीच्या वरच्या अंगाला एक बारीक भोक असते. खालचे तोंड बोटाने दाबून धरले, की पाणी त्या भोकातून कमानीसारखे वर उसळते आणि न वाकता पिता येते. आता सांगा, चार वर्षांच्या मुलीला यापेक्षा मोठे आश्चर्य इको पार्कमधल्या सातांत कुठले सापडेल? पँथिऑनच्या घुमटाला माथ्यावर सुमारे नऊ मीटरचे उघडे वर्तुळ आहे. पाऊस आला की तो देवळाच्या आत पडतो आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून निचरून जातो. घरात पाऊस पडतो, आणि कोणी रागावत नाही! हे समजायला इतिहास लागत नाही.

आणि इतिहासही तिला कळणारच नाही, असे मी मानत नाही. आपण राहतो त्या टॉवरच्या अठराव्या मजल्यावरून खाली पाहणाऱ्या मुलीला ४८ मीटर उंचीच्या कोलोसियमची भव्यता वाटणार नाही, हे कबूल. गेला आठवडा आणि गेली एकोणीसशे वर्षे यांतला भेदही तिला नाही. पण लार्गो दि तोर्रे अर्जेंतीना या चौकात चला. जिथे इसवी सनापूर्वी ४४ साली सीझरचा वध झाला, ते आवार आजच्या रस्त्याच्या कित्येक हात खाली, खड्ड्यात पडलेल्या खांबांसह उघडे आहे, आणि त्या भग्नावशेषांत मांजरांचा एक आश्रय आहे. कठड्याला नाक लावून ती मांजरे मोजील. मोजता मोजता ती विचारील, की ही घरे खाली का गेली? जुने ते खाली असते आणि त्याच्यावर नवे चढत जाते, हे पुराणवस्तुशास्त्राचे पहिले सूत्र तिला मांजरांनी शिकवलेले असेल. आपल्या न्यू टाउनमध्ये हा प्रश्न तिला पडणारच नाही, कारण इथे राजारहाटची भातखाचरे आणि माशांची तळी भरून काढून, एका पिढीच्या डोळ्यांदेखत, सगळे सपाटीवरच उभे राहिले.

आक्षेपक : तुमचे हे प्रतिपादन मला मनापासून आवडले, आणि म्हणूनच त्याची रुजुवात घेतल्यावाचून सोडवत नाही. इथून बाराशतच्या वाटेने बेडाचाँपाला जा. तिथे चंद्रकेतुगड आहे. १९५६ पासून कलकत्ता विद्यापीठाच्या आशुतोष संग्रहालयाने तिथे उत्खनन केले आणि मौर्यकाळापर्यंत, म्हणजे कोलोसियमच्या पायाचा दगड बसण्याआधी कित्येक शतके मागे जाणारे थरांवर थर बाहेर काढले. तिथल्या भाजलेल्या मातीच्या मूर्तींवर बायकांच्या केसांतल्या आकड्यांची टोके मोजता येतात, इतके ते काम सूक्ष्म आहे. खना-मिहिराच्या ढिगाऱ्यावर विटांचा पाया उघडा पडला आहे. तो खाली आणि आजची वाट वर. तिथे रांग नाही, तिकिटाची मुदत नाही, मुलगी हवी तितका वेळ बसेल, आणि मांजर नसेल तर शेळी नक्की भेटेल. जुने खाली असते हेच शिकवायचे असेल, तर इतके जवळचे सोडून इतक्या दूर का? पाण्याच्या तोटीला बोट लावण्याचा आनंदही इथल्या महापालिकेच्या नळावर मिळतो. तुम्ही रोमची जी जी गोष्ट मुलीची म्हणून पुढे केली, ती ती रोमखेरीज मिळते. आणि जी रोमखेरीज मिळत नाही, ती मुलीची नाही.

समर्थक : या वाक्यावर मी बराच वेळ अडखळलो, हे मान्य करतो. चंद्रकेतुगडला आम्ही गेलेलो नाही, आणि रोमच्या आधी तिथे जाऊन येऊ. परंतु आपल्या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे. जे मुलीचे आहे आणि जे माझे आहे, या दोहोंमध्ये भिंत आहे, असे आपण धरून चालता. चार वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात तशी भिंत नसते. मला रोम पाहण्याची तळमळ आहे. कॉलेजात असताना मीना प्रभूंचे ‘रोमराज्य’ वाचले तेव्हापासूनची आहे, आणि ती मी लपवत नाही. मुलगी मला रोज पाहते ते लॅपटॉपपुढे वाकलेला, फोनवर बोलणारा, सेक्टर फाइव्हच्या बसमधून उतरून दमून आलेला माणूस म्हणून. एखाद्या वस्तूपुढे बाप हरखून, बोलणे विसरून उभा राहिलेला तिने कधी पाहिलेला नाही. मोठ्या माणसालाही असे होते, जगात असे काही असते की ज्यापुढे बाप लहान होतो, हे तिने एकदा पाहावे. त्यासाठी मला जिथे तसे होते तिथेच जायला हवे, आणि तिला बरोबर घ्यायला हवे. ती पंधरा वर्षांची होईपर्यंत थांबलो तर ती वास्तू नीट पाहील, हे खरे. पण तेव्हा ती माझ्याकडे पाहणार नाही.

आक्षेपक : उदात्त आहे. पण साडेदहाच्या मुदतीचा बाप हरखून उभा राहत नसतो, तो घड्याळाकडे पाहत असतो. मुलगी त्याच्याकडे पाहील हे तुमचे म्हणणे खरे मानले, तर ती हेच पाहील.

समर्थक : म्हणून तर यादी कापायची. आठवड्यात एकच मुदतीची वास्तू. बाकी चौक, पाण्याचे खांब, बोर्गेझेचे उद्यान. आणि त्या एका सकाळी ती हटून बसली, तर आम्हा दोघांपैकी एकजण आत जाईल, दुसरा तिच्यापाशी थांबेल.

आक्षेपक : कोण थांबेल?

समर्थक : ते त्या वेळी ठरवू.

आक्षेपक : त्या वेळी ठरत नाही, ते आधीच ठरलेले असते, आणि मला जे इतका वेळ नीट सांगता येत नव्हते ते हेच आहे. मूल हटून बसते, तेव्हा आपल्या घरांत कोण थांबते हे विचारावे लागत नाही. मी पुष्कळ कुटुंबांचे प्रवासातले फोटो पाहिले आहेत. ताजपुढे, टॉवरपुढे, कारंज्यापुढे बाप आणि मूल उभे असते, फोटो काढणारी आई चित्रात नसते. आणि बाप एकटाच आतून काढलेल्या फोटोंच्या वेळी ती कुठे होती, हे कोणी विचारत नाही. पंडिता रमाबाई परदेशी काही साधू शकल्या, कारण त्या अमेरिकेत असताना वाँटेजच्या भगिनींनी मनोरमेला काही काळ सांभाळले. कोणीतरी बाहेर थांबल्यावाचून कोणी आत जात नाही. बालकासह मोठे शहर पाहण्याचा सगळा प्रश्न मुलाच्या स्मृतीचा म्हणून आपण मांडतो, कारण तो तसा मांडला की आईचा विषय निघत नाही. तुमच्या मुलीला रोम सोसेल की नाही, याची चिंता मी आता बाजूला ठेवतो. तुमच्या पत्नीला कोणते रोम हवे आहे, हे मी तुमच्या तोंडून एकदाही ऐकले नाही.

समर्थक : तिला यायचे आहे. आनंदाने यायचे आहे.

आक्षेपक : यायचे आहे, हे मला ठाऊक आहे. काय पाहायचे आहे?

समर्थक : हे मी विचारलेले नाही. कोलोसियमची तिकिटे महिनाभर आधी खुली होतात आणि अर्जात नाव भरावे लागते. आज तो रकाना कोरा आहे. घरी गेल्यावर विचारीन.

आक्षेपक : विचारताना ‘तू आत जाशील का’ असे विचारू नका, त्याला ती नाही म्हणेल. ‘मी बाहेर थांबणार आहे’ असे आधी सांगा, आणि मग विचारा.

समर्थक : आणि आपण तिघेही बाहेरच थांबू, मुलीला पाण्याशी खेळू देऊ, असे ती म्हणाली तर? ते तिच्या मनासारखे होईल, मुलीच्याही होईल, आणि कोलोसियमच्या भिंतीपासून शंभर पावलांवरून परतल्याची हळहळ मला जन्मभर राहील. ती हळहळ मी त्या दोघींवर कधी काढणार नाही, असे वचन मला आज देता येत नाही.